बाबाची कोमट शिशी

बाबा लबाड होता. पण रसायनशास्त्र त्याला माझ्यापेक्षा जास्त येत होतं. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. राग येतो, अजूनही.

मी तेव्हा गोंदियाला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते आणि सुट्टीच्या दिवशी बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटत फिरायची. पत्रक मीच लिहिलेलं: 'विहिरीत टाकतात ती लाल दवा घ्या, तिच्यावर ग्लिसरीन ओता. आग लागतेच. मंत्र लागत नाही.' गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात मला त्याच कागदात मिरच्या बांधून मिळाल्या, तरी मला त्याचा अभिमान होता.

गोरेगावजवळच्या एका खेड्यात माझी मावशी राहायची. तिची मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, दिवाळीपासून खोकत होती. अंग वाळलेलं, ताप कायमचा. मावशी तिला दर गुरुवारी गावातल्या त्या बाबाकडे न्यायची. बाबा काडी न ओढता नारळाच्या शेंडीला आग लावायचा आणि राख पोरीच्या छातीला फासायचा. बुद्धवंदना म्हणणारं आमचं घर, आणि छातीला राख. मी भांडले. दवाखान्यात ने, थुंकी तपासून घे, म्हटलं.

मावशी म्हणाली, "तू लावून दाखव आग. लागली तं नेईन दवाखान्यात. नाही लागली तं बाबाचं नाव पुन्हा काढू नको."

मी हसले. उन्हाळाभर हा प्रयोग मी गावोगाव केला होता, एकदाही फसला नव्हता.

ती जानेवारीतली सकाळ. धानाच्या बांध्यांवरचं धुकं हललं नव्हतं. शिशी-खड्यांची माझी पिशवी रात्रभर ओसरीत टांगलेली. अंगणात पाच-सहा शेजारणी जमल्या. मी शेंडीवर लाल दवेचे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे, खडे ठेवले आणि शिशी उपडी केली. ग्लिसरीन मधासारखं लोंबलं, खड्यांवर बसलं आणि बसूनच राहिलं. मी पत्रकातलं सगळं बोलून संपवलं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"हे तं मंतर म्हणून राहिली वो," एक शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या.

मावशी हसली नाही. ती उठून आत निघाली.

"थांब ना माय," दारात चादर पांघरून बसलेली बहीण म्हणाली. "बाबा असे खडे नाही टाकत. तळहातावर चोळून पीठ करते. अन् शिशी कमरेले खोचून आणते. मले लागली होती हाताले. कोमट होती."

कणांचा आकार. तापमान. अभिक्रियेचा वेग कशाकशावर अवलंबून असतो, याचं उत्तर मी दहावीत क्रमवार लिहून पूर्ण गुण मिळवले होते. आणि इथे गुरुवारी राख लावून घेणारी पोरगी मला तेच शिकवत होती.

पहिल्या शेंडीवर पाणी ओतलं, नवी घेतली. खडे दगडावर अगदी पिठासारखे बारीक केले. शिशी गरम करायला चूल पेटवू का, विचारलं.

"चूल कायले? मी आहो ना," म्हणत बहिणीनं शिशी काखेत धरली. रात्रीचा ताप उतरलाच नव्हता.

पाव तास ती तशीच बसली, खोकत. मग मी पुडीवर ग्लिसरीन सोडलं. आता ते पातळ होऊन धावलं. आधी धूर आला, मग फुसफुस, मग जांभळट ज्योत, आणि शेंडी पेटली.

शेजारणी मागे सरकल्या. मावशीनं आगीकडे पाहिलंही नाही. तिनं माझ्या हातातली शिशी घेतली आणि मुठीत धरून उभी राहिली.

"एवढी गरम?" ती म्हणाली. मग आतून शाल आणून लेकीला गुंडाळली आणि मला एसटीची वेळ विचारली.

थुंकीत टीबी निघाला. सहा महिने गोळ्या चालल्या, एकही चुकली नाही. बहीण बरी झाली. दिवाळीपासूनचे वाया गेलेले दिवस मात्र मी बाबाला माफ केलेले नाहीत.

पत्रक मी बदललं: 'खडे बारीक करा. शिशी अंगाशी धरून गरम करा. थंडीत वेळ लागतो, थांबा.' आग लागतेच, हे वाक्य तसंच ठेवलं. पुढे कार्यक्रमांना बहीण सोबत येऊ लागली. पूड तीच करायची, माझ्या हाताला खडे लागू द्यायची नाही.