रक्त घेण्याआधीचं रीडिंग

ज्या तपासणीसाठी अजून रक्तच घेतलेलं नाही, तिचा आकडा पेशंटनेच सांगितला तर तुम्ही काय कराल?

हसू नका. मीही हसले असते. आमच्या शहरातल्या द्वारका चौकात बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी आहे मी... आणि ती पत्रकं लिहायला शिकवलं माझ्या वडिलांनी, आप्पांनी. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये त्यांची नोकरी झाली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला. आयसीयूतले डॉक्टर म्हणाले, "ते शॉकमध्ये आहेत."

विंचूरहून आलेली आत्या भडकलीच. "सारा जन्म विजेत काढला माझ्या भावानं, तवा नाय बसला! हितं कुणी वायर उघडी ठेवली?"

"मावशी, हा विजेचा नाही. हृदयाचा पंप कमी पडतोय." मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "औषधांवर बीपी बरं दिसतंय. पण शरीराला रक्त पुरतंय का, ते रक्तातल्या लॅक्टेटवरून कळतं. दोनच्या आत हवं, यांचं चार आहे. आणखी वाढलं तर हृदयाला मशीनचा आधार द्यावा लागेल. संध्याकाळी परत करू."

दुपारी मी आत गेले. आप्पांचे डोळे मिटलेले. मास्कमागून ड्यूटीवरचाच आवाज — "सात पॉइंट दोन... चढतंय... इंजिनिअरला कळव."

मॉनिटरवर असा आकडा कुठेच नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "बडबडतात हो ताई, असे पेशंट."

त्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नाही. पण डॉक्टरांकडे लॅक्टेटची तपासणी लगेच मागितली. "हात बघा किती गार पडलेत! संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं?"

डॉक्टरांनी आप्पांचे पाय चाचपले आणि लगेच सँपल घ्यायला लावलं.

सात पॉइंट दोन.

सिस्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. आप्पांना तातडीने मशीनवर घेतलं. "संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर उशीर झाला असता," डॉक्टर नंतर म्हणाले.

आप्पा आता घरी आहेत. "रिटायर झाल्यावरही ड्यूटी लावली का मला?" म्हणून हसतात. लॅक्टेट हा शब्दसुद्धा त्यांना ठाऊक नव्हता. आत्या म्हणते, देव बोलला. मी म्हणते, जुनी सवय बोलली. पण नेमका तोच आकडा? माहीत नाही... आणि तसं म्हणायची मला लाजही नाही.

कृपा करून याला चमत्कार म्हणून फॉरवर्ड करू नका. तुमचं माणूस असं आयसीयूत असेल, हातपाय गार पडत असतील, तर नुसत्या बीपीवर निर्धास्त राहू नका. डॉक्टरांना विचारा — "लॅक्टेट परत कधी करणार?" आतून कुणी आकडा सांगेल, याची वाट बघू नका.