नवसाच्या भिंतीवर नसलेले पाच जण

आमच्या कालामोरात बंदराच्या टोकाला जे छोटं चर्च आहे, त्याची किल्ली पंचेचाळीस वर्षं एर्सीलिया लामान्नाच्या एप्रनच्या खिशात होती. कुणाला आत जायचं असेल तर आधी तिच्या दारात उभं राहावं लागे, आणि ती हातातली मासळी साफ करून झाल्यावरच उठे. "चारशे वर्षं थांबलंय ते चर्च, अजून दहा मिनिटं थांबेल," असं तिने मिलानहून आलेल्या वकिलालासुद्धा सुनावलं होतं. उघड्या खांद्यांनी आलेल्या बायकांना ती स्वतःची शाल द्यायची. शालीच्या कांद्याच्या वासाने कुणी नाक मुरडलं, तर शालही जायची आणि चर्च बघणंही.

त्या चर्चच्या भिंती नवसाच्या पाट्यांनी भरल्या आहेत. हातभर लाकडी फळी, तिच्यावर रंगवलेलं वादळ, बुडायला आलेलं गलबत आणि वर कोपऱ्यात ढगांवर बसलेली मारियामाता. जो समुद्रातून जिवंत परतला त्याने पाटी आणून नवस फेडायचा, ही इथली रीत. चाच्यांनी वेशीचा दरवाजा जाळला ती पाटी, तोफेने डोलकाठी तुटली ती पाटी, हे सगळं एर्सीलिया भराभर सांगून टाकायची. तिचा जीव पुढच्या गोष्टीत अडकलेला असायचा.

"ही भिंत परत आलेल्यांची," ती म्हणायची. "जे आले नाहीत त्यांची पाटी कोण आणणार? त्यांचं मी सांगते."

आणि मग ती सांगायची. १९६८ सालचा मार्च. बंदराच्या बुरुजावर वादळाच्या इशाऱ्याचा काळा गोळा चढलेला. पेकोरारो मालकाच्या होडीवरचे पाच जण धक्क्यावर घुटमळत होते. मालक कोटाच्या खिशात हात घालून आला आणि म्हणाला, आज जो जाणार नाही त्याने उद्या तोंड दाखवू नये. पाचही जण गेले. सर्वांत धाकटा साबातीनो, एकोणीस वर्षांचा, एर्सीलियाचा सख्खा भाऊ. एकाचंही प्रेत किनाऱ्याला लागलं नाही. पाद्रीबुवांनी मृतांसाठी मिस्साची प्रार्थना म्हटली, समुद्राची मर्जी म्हणाले, आणि नंतर मालकाकडे जेवायला गेले. गावाने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. अर्ध्या गावाची चूल त्या घरावर पेटायची, बोलणार कोण? सतरा वर्षांची एर्सीलिया बोलली, म्हणून तिचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढे चर्चची झाडलोट करणारी तिची मावशी वारली आणि किल्ली तिच्याकडे आली. ऐकायला परकी माणसं का होईना, मिळाली. पाच नावं ती एकेक करून उच्चारायची, आणि ऐकणाऱ्याने टोपी काढली नसेल तर काढायला लावायची.

गेल्या वर्षी मालकाचा नातू फाब्रित्सियो तिच्या दारात आला. नगरपालिकेत संस्कृती खातं त्याच्याकडे आहे. हातात मिठाईचा पुडा, सोबत ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेतलेली मुलगी.

"मावशी, तुम्ही किती दिवस पायऱ्या चढणार? तुमच्या तोंडून सगळं भरून घेतो. लोक कानाला यंत्र लावतील आणि तुम्हीच त्यांच्याशी बोलाल. तुम्ही नसाल तेव्हासुद्धा."

"म्हणजे मी मेल्यावर."

"शंभर वर्षं जगाल हो!"

"सगळं सांगू? तुझ्या आजोबाचंही?"

त्याने छातीवर हात ठेवला. "सगळं. इतिहास तो इतिहास."

एर्सीलिया विरघळली. आयुष्यभर जिने कुणाच्या बापाला भीक घातली नाही, ती त्या एका वाक्याला भुलली. ठेवणीतला ब्लाउज घालून दोन दुपारी ती बंद खिडक्यांच्या खोलीत बोलत बसली. पाच नावं तिने दोनदा सांगितली, चुकायला नकोत म्हणून. शेवटी कागदावर सही केली. किल्लीही दिली, कारण आता दार आपोआप उघडणार होतं.

उद्घाटनाला बँड होता, लिंबाचं सरबत होतं. तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि पहिलं यंत्र तिच्याच कानाला लावलं. वेस आली, चाचे आले, डोलकाठी आली. स्वतःचा आवाज ऐकून ती लाजून हसलीसुद्धा. मग शेवटच्या भिंतीशी तिचा आवाज म्हणाला, "पेकोरारोंची होडी म्हणजे या किनाऱ्यावरची सर्वांत मोठी होडी." आणि लगेच बासरी वाजू लागली.

तिने यंत्र हलवलं. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. ते वाक्य तिने म्हटलं होतं ते असं: सर्वांत मोठी होडी, म्हणूनच मालकाला वाटलं की वादळही त्याला भिऊन राहील. त्यातला पहिला तुकडा त्यांनी ठेवला होता. पुढचं सगळं, काळा गोळा, धक्का, पाच नावं, साबातीनो, कापून टाकलं होतं.

तिने सरबताच्या टेबलाशी फाब्रित्सियोला गाठलं.

"माझा भाऊ कुठंय?"

"मावशी, इथे नको."

"इथेच. कुठंय?"

"अहो, प्रत्येक भिंतीला तीन मिनिटं असतात. लोक सुट्टीवर येतात, त्यांना कशाला रडवायचं? शिवाय त्या गोष्टीला पुरावा काय?"

"पाच घरांतल्या बायकांनी मरेपर्यंत दुखवट्याचं काळं घातलं, तो पुरावा नाही?"

"काटछाट करायची परवानगी तुम्हीच सही करून दिलीत." मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "बाहेरच्या पाटीवर तुमचं नाव घातलंय. तुमचं आडनाव म्हणजे त्याचंही आडनावच की."

तिने त्याच्या तोंडावर सरबत फेकलं असं गावात सांगतात. खोटं आहे ते. तिने पेला हळूच खाली ठेवला. आणि आम्ही सगळे तिथेच उभे होतो. आमच्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही, हे लिहिताना आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती चर्चच्या दाराशी हजर. दार आपोआप उघडलं. आत वीसेक माणसं भिंतीकडे तोंडं करून उभी होती. एर्सीलिया त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बोलू लागली. बुरुजावर काळा गोळा चढला होता, ती म्हणाली. पाच जण होते, ती म्हणाली. कुणी वळलं नाही. सगळ्यांच्या कानात तीच बोलत होती, फक्त होडीचं कौतुक करत होती. तिने आवाज चढवला. पहिलं नाव घेतलं, दुसरं, तिसरं. साबातीनोच्या नावाला ती जवळजवळ ओरडलीच.

तेव्हा पुढे उभ्या असलेल्या एका सभ्य बाईने एका कानावरचं यंत्र जरासं उचललं.

"आजी, जरा हळू बोला ना," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "आम्हाला इथला इतिहास ऐकू येत नाहीये."