फियाटचं दावं

राजपालशी माझी तेवीस वर्षांची दोस्ती आहे आणि त्यातली निम्मी वर्षं आम्ही भांडण्यात घालवली. तो वीज कंपनीत वायरमन. डीपी जळाला की अख्खं गाव त्याच्या नावानं शिव्या देतं आणि तो खांबावरून त्या व्याजासकट परत करतो. कुणी एकदा टोचून बोललं की ते हा मरेपर्यंत विसरणार नाही. वार, वेळ, समोरच्याच्या अंगातला सदरा, सगळं लक्षात ठेवतो. असल्या माणसाबरोबर चहा पिणं सोपं, नांदणं अवघड. त्याची बायको प्रीती कशी निभावते ते तिचं तिला माहीत.

मी सोमलिंग. लोहाऱ्यात बसस्टँडजवळ माझं गॅरेज आहे. वडापच्या, म्हणजे सीटा भरून भाड्यानं पळणाऱ्या जीपगाड्या आणि मोटारसायकली, एवढंच माझं काम. बरं चाललं होतं. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात राजपालनं फियाट विकत घेतली आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

गाडी त्याच्याच गावची, लोहाऱ्यापासून आठ किलोमीटरवरची. गावातले सगळ्यात मोठे जमीनदार आण्णासाहेब, त्यांची. राजपालचे वडील नानासाहेब पस्तीस वर्षं त्या गाडीवर ड्रायव्हर होते. सकाळी पुसायची, दिवसभर चालवायची, संध्याकाळी मालकाच्या दारात लावून चालत घरी यायचं. नानासाहेब सोडून राजपालच्या घरातलं कुणीही कधी त्या गाडीत बसलं नाही. पुढं मालक गेले, नानासाहेबही गेले, आणि फियाट गोठ्यामागं लिंबाखाली वीस वर्षं पडून राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. आण्णासाहेबांचा मुलगा रणधीर ती भंगारात घालणार, हे राजपालच्या कानावर आलं आणि त्यानं भंगारवाल्यापेक्षा चढा भाव सांगून ती उचलली.

कशासाठी, ते त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "येत्या बुद्धपौर्णिमेला माय मागच्या शिटावर बसंल. आन् गाडी रणधीररावाच्या दारावरनं विहारापोतर जाईल. बास."

त्याची आई बनाबाई, बहात्तर वर्षांची. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत.

ट्रॅक्टरला बांधून गाडी गॅरेजात आणली, बॉनेट उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. कार्बोरेटर गायब. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा मुठीएवढा पंप, ज्याला आम्ही एसी पंप म्हणतो, तोही गायब. वीस वर्षांच्या गंजात तेवढ्याच बोल्टांच्या जागा लखलखत होत्या. कुणीतरी आठवड्याच्या आत पाना चालवला होता.

आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर रणधीरच्या घरी गेलो. त्यानं ओसरीवर बसवलं, चहा मागवला, पाऊसपाण्याचं विचारलं. मी पंपाचं काढलं तेव्हा त्याला जरासुद्धा अवघडल्यासारखं झालं नाही. गाडी घेणारा राजपाल, पण उत्तर मला दिलं. "जनावर इकलं तरी दावं घरात ठेवायचं असतंय, मिस्त्री. आमच्या म्हातारीनं सांगितलं, म्हणून काढून घेतलं. गाडी इकलीया, घरची लक्ष्मी न्हाय."

आता ही रीत खोटी नाही. माझ्या वडिलांनी बैलजोडी विकली तेव्हा तेही दावी सोडून घेऊन आले होते. दाव्याबरोबर लक्ष्मी जाते म्हणतात. पण बैलाला नवं दावं कुठल्याही बाजारात मिळतं, आणि दावं नसलं तरी बैल चालतो. पंपाशिवाय फियाट चालत नाही आणि तो पंप आता कुठल्याही बाजारात मिळत नाही, हे रणधीरला पक्कं ठाऊक होतं. नाहीतर त्यानं आरसा ठेवून घेतला असता, हॉर्न ठेवून घेतला असता. राजपालनं पैसे विचारले. देवापुढं ठेवलेली वस्तू विकत नसतात, असं सांगून रणधीर उठला.

परत येताना राजपाल मागून म्हणाला, "तुला काचंचा गिलास हुता. मला कागदी कप."

मी पाहिलंच नव्हतं. खरं सांगायचं तर बघायची सवयच नव्हती.

त्या दिवसापासून दहा महिने आमचं डोकं फिरलेलं होतं. लोहाऱ्यात, उमरग्यात दुकानदार नुसतं हसायचे. सोलापुरात एकानं काउंटरखालून जुना पंप काढला आणि असा भाव सांगितला की तेवढ्यात बोकड आला असता. मोबाईलवर पुण्याचा एक माणूस सापडला. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांना तो सामान विकतो. त्याच्या कार्बोरेटरची किंमत राजपालच्या महिन्याच्या पगाराएवढी. वर विचारतो कसा, गाडी शोसाठी पाहिजे का शूटिंगसाठी? राजपालनं त्याला जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येणार नाही.

गुलबर्ग्याच्या भंगारात एक पंप मिळाला. आणून बघितला तर आतला दांडा बोटभर आखूड, भलत्याच गाडीचा. पुन्हा गुलबर्गा. भंगारवाला म्हणाला, परत घेत नाही, शेजारचा ढीग उपसा आणि सापडलं तर न्या. राजपालनं कडक उन्हात पाच तास तो ढीग उपसला. दांडा सापडला. हैदराबादेत कार्बोरेटर मिळाला, पण त्याच्यातला तरंगता गोळा फुटका, पेट्रोल भरून बुडणारा. तो मी डाग देऊन सांधला. टाकीची चाळण झाली होती, तिला ठिगळं मारली.

राहिला पंपातला रबरी पडदा. उमरग्यातून छापील डब्यातला आणला. दुकानदार ओरिजिनल म्हणाला. गाडीनं एकदा खोकल्यासारखं केलं, आठवडाभर रडतखडत चालली आणि बंद पडली. पंप उघडला तर पडदा दुधात भिजवलेल्या भाकरीसारखा फुगलेला. हल्ली पेट्रोलात उसाचं स्पिरिट मिसळतात, ते जुन्या पद्धतीच्या रबराला खातं. आमच्याच शिवारातला ऊस आणि आमच्याच मुळावर! राजपालनं तो लगदा नेऊन दुकानदाराच्या टेबलावर आपटला. त्यानं न बघता सांगितलं की टाकून द्या ती गाडी, आता कोण वापरतं.

मी राजपालला म्हणालो, बाबा, विजेवर चालणारा साधा पंप स्वस्तात मिळतो, अर्ध्या तासात बसवतो, सोड हा नाद. तर माझ्यावरच उखडला. उद्या रणधीर गावाला सांगेल की खरं दावं आमच्याच घरात आहे, ह्यानं दुसरंच काहीतरी बांधलंय. फियाटला फियाटचाच पंप पाहिजे. मी पाना फेकला आणि म्हणालो की तुझी गाडी उचल आणि चालता हो. तो गेला. गाडी तिथंच. नवव्या दिवशी येऊन काही झालंच नाही अशा थाटात बसला, हातात पेट्रोल सोसणाऱ्या कापडी रबराची शीट. सोलापूरच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घालून आणली होती. मी कात्रीनं पडदा कापला. दोन बिघडवले, तिसरा जमला.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी फियाट सुरू झाली. उगाच नम्रपणा कशाला, तसलं काम जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. उमरग्यापर्यंत जाऊन आलो, एकदासुद्धा अडखळली नाही.

पौर्णिमेला सकाळी मी मुद्दाम त्याच्या गावी गेलो. गाडी धुऊन दारात उभी, इंजिन चालू. चार घरांतली माणसं बघायला जमलेली. राजपालच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. बनाबाई पांढरं लुगडं नेसून उंबऱ्यात आल्या. गाडी घरी आल्यापासून त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या म्हणे. राजपालनं मागचं दार उघडून धरलं.

बनाबाई हलल्या नाहीत. प्रीती हात धरायला पुढं झाली, तिचा हात त्यांनी बाजूला केला.

"म्या न्हाय बसणार त्यात."

राजपालला वाटलं, म्हातारी घाबरली. तो समजावायला लागला की मिस्त्रीनं चालवून बघितलीया, काय होत नाय. त्यांनी त्याला मधेच तोडलं.

"तुज्या आदी मला लेक हुती. तीन वर्सांची. रातीला ताप डोस्क्यात गेला. मालक परगावी. गाडी त्याच्या दारात, चावी तुज्या बापाच्या खिशात. म्या पाय धरले त्याचे. न्हाय म्हणला. मालकाला इचारल्याबिगर गाडीला हात लावायचा न्हाय म्हणला. बैलगाडी जुपली. वाटंतच गेली पोर."

इंजिन चालूच होतं.

"मालक दुसऱ्या दिशी आला. म्हणला, न्यायाची हुती की रं नाना, गाडी काय पळून जात हुती व्हय? ते म्या ऐकलं. तुज्या बापासंगं पुढं बत्तीस वर्सं संसार केला, पर त्याला माफ न्हाय केलं. वीस वर्सं रानात जाता-येता म्या ही गाडी गंजताना बघितली. कधी दार गळालं, कधी टप सडला. तेवढंच सुख हुतं मला. तू ती नवी करून दारात आणलीस."

एवढं बोलून त्या पायरी उतरल्या आणि गुडघ्यांवर हात देत, रस्त्यानं चालत विहाराकडं निघाल्या. प्रीती मागं पळाली. जमलेली माणसं हळूहळू पांगली.

मला भयंकर राग आला होता, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. रणधीरवर काढावा तर ह्या गोष्टीत तो नव्हता. आण्णासाहेब गेले. नानासाहेब गेले. उमरग्यापासून हैदराबादपर्यंत दिसेल त्या भंगारवाल्याला आम्ही विचारत फिरलो, पण घरातल्या बाईला तुला ह्या गाडीत बसायचंय का, एवढं दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं.

राजपालनं आत हात घालून इंजिन बंद केलं. मग मागचं उघडं दार लावलं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "हिला परत गंजायला किती वर्सं लागतील?"

छपराखाली ठेवलीस तर वीस, मी म्हणालो. उघड्यावर सोडलीस तर सहा-सात.

आईच्या खोलीची खिडकी परसात उघडते. तो गाडी ढकलत त्या बाजूला न्यायला लागला. एकट्याला ती हलेना, म्हणून मी मागून हात लावला.