आत्याची हाक

नवजात बाळांच्या त्या काचेच्या खोलीत डॉक्टर बदलत, नर्स बदलत. आत्या मात्र जागची हलत नसे. सगळेच तिला आत्या म्हणत, हुद्द्यानं ती मदतनीस. दुपटी बदलायची, बाळांच्या काचेच्या पेट्या पुसायच्या, आयांना दटावून हात धुवायला लावायचं. नावं ठेवण्याचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, ते तिनंच अंगावर घेतलं होतं. पेटीवर आईचं नाव आणि आकडा असे. आत्याला ते पटत नसे. कमरेवर हात ठेवून झोपणारा ठेकेदार झाला, सगळ्यांत किडमिडीत तो पहिलवान. माझी मुलगी नाकातली दुधाची नळी ओढून काढायची, म्हणून ती फौजदार.

"मुलीला फौजदार?" मी म्हणाले.

"मग नळी कोण ओढतं, मी?"

मी साहित्य शिकलेली. 'संबोधन' या शब्दात बोध आहे, म्हणजे जागं होणं, हे मला पाठ होतं. कवी वाऱ्याला, चंद्राला, गेलेल्या माणसालाही हाक मारतो आणि हाकेसरशी तो समोर उभा राहतो, असं मी पेपरात ऐटीत लिहिलं होतं. मुलीसाठी सुरेख नावही आधीच ठरवलं होतं. पण आता ते ओठांवर येईना. नाव घेतलं आणि ती राहिलीच नाही तर? म्हणून मी नुसतं 'बाळ' म्हणायचे.

"बाळ म्हणून कुणाला हाक मारतेस गं? इथं सगळी बाळंच आहेत."

"आत्या, तुम्ही घरी यजमानांना काय म्हणता?" मी एकदा चिडून विचारलं.

"अहो."

"मग उठतात ते?"

"कुठले उठतात! म्हणून तर इथं नावं ठेवते."

मुलगी स्वतः दूध प्यायली तरच घरी सोडणार होते. ती दोन घोट घ्यायची आणि छातीशीच झोपायची. एका सकाळी डॉक्टरांनी नळी काढली. "आज बघू. नाही जमलं तर पुन्हा घालू."

मी तळवे चोळले, गालाला बोट लावलं, शेवटी धीर करून ते सुरेख नावही घेतलं. पापणी हलली नाही. कशी हलणार? ते नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

पलीकडे पेटी पुसणाऱ्या आत्यानं मान वर न करता आवाज दिला, "अहो फौजदार! ड्युटीवर झोपा काढता?"

भुवई उडाली. डोळे किलकिले झाले.

"आता तू हाक मार. माझी पाळी संपली की मी चालले घरी."

"फौजदार," मी म्हणाले. आधी पुटपुटत, मग खोलीभर ऐकू जाईल असं. तिनं तोंड उघडलं. डोळा लागला की पुन्हा हाक, पुन्हा घोट. नळी परत घालावी लागली नाही.

मुलीला घेऊन मी घरी निघाले तेव्हा आत्यानं विचारलं, "खरं नाव काय ठेवलंयस?"

मी सांगितलं.

"छान आहे. रोज वापर. ठेवणीतला कपडा नाही तो."

आमच्या पेटीत नवं बाळ आलं होतं, दोन्ही मुठी घट्ट आवळून. आत्यानं वाकून त्याला नीट न्याहाळलं.

"या, सावकार," ती म्हणाली.