सामानाची जागा

तुळसाच्या अंगणवाडीत बेचाळीस नगांचा खेळण्यांचा एक संच आहे आणि त्याच्याशी आजवर कोणीही खेळलेलं नाही. संच आला तेव्हा त्याच्याबरोबर नोंदवहीही आली. नग फुटला की कारण लिहायचं, खाली सही करायची आणि मग मंडणगडच्या ऑफिसात जाऊन तेच कारण तोंडी सांगायचं. तुळसाची नोकरी चोवीस वर्षांची. कारणं लिहायचा तिला मनस्वी कंटाळा. तिने संच कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. दर महिन्याला ती नग मोजते. बेचाळीस भरतात.

वेळापत्रकात मात्र अकरा ते साडेअकरा ‘मुक्त खेळ’ असं छापलेलं आहे. अकराला तुळसा दार उघडते आणि म्हणते, “जा गो, जा रे.” एवढंच तिचं मार्गदर्शन. ती स्वतः अलोऱ्याच्या कॉलनीत वाढली, वडील तिथल्या वीजप्रकल्पावर कामाला. तिथे उरलेल्या सिमेंटच्या पाइपांत वीस-पंचवीस पोरं दिवसभर पडीक असत आणि त्यांना कोणी काही शिकवत नसे. पुढे केरूशी लग्न होऊन ती या डोंगरातल्या वाडीत आली, अकरा माणसांच्या घरात नांदली. कुणाशी भांडायचं आणि कुणापुढे मुद्दाम हरायचं हे आपल्याला पाइपातच कळलं होतं, असं ती म्हणते. प्रशिक्षणात तिने हे कधी सांगितलं नाही. तिथे विचारत नाहीत, चहा देतात.

पोरांनी मंडणगडची एसटी केली होती. संडास बांधून उरलेले चौदा चिरे, दोन ओळींत. खिचडीच्या टोपाचं झाकण म्हणजे स्टिअरिंग, ते आयात नावाच्या पोरीच्या हातात. बंद पडलेला रिमोट म्हणजे तिकिटाचं मशीन, ते कैफकडे. नियम कडक. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी सुटत नसे. फणसाला अर्धं तिकीट की पूर्ण, यावर रोज भांडण होई, रोज तोडगा निघे आणि दुसऱ्या दिवशी तो कोणी पाळत नसे. तुळसा मध्ये पडत नसे. कोणी दगड उचलला तरच ती उठायची, आणि तशी वेळ वर्षात दोनदाच आली होती.

या गाडीत सानवी ही सामान होती. साडेचार वर्षांची ही पोर जूनमध्ये आईबरोबर, समीक्षाबरोबर, नालासोपाऱ्याहून गावी आली. बाप तिकडेच कामाला. घरात दोन-चार शब्द बोलायची, तेही आईला चिकटून. बाहेर एक नाही. पहिल्या दिवशी पोरांनी नाव विचारलं, उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी पुढची चौकशी न करता तिला मागे तांदळाच्या गोणीशेजारी बसवलं. गोणी म्हणजे सुपारीची एक पोय, झावळीचं गळून पडलेलं रुंद देठ. सामानाला बोलावं लागत नाही. चार महिने सानवी रोज मंडणगडला गेली आणि आली.

तुळसाला वाटायचं, आज ना उद्या बोलेल. समीक्षाला वाटायला लागलं, आता पुरे झालं. ऐन भातकापणीत ती येऊन म्हणाली, “ताई, इथं नुसता खेळ. पोर बोलणार कधी? सावर्ड्याला माझी बहीण हाय, तिथं बोलायचा क्लास हाय. तिच्याकडं ठेवतेय. सोमवारी नाव काढून द्या.”

“आणि तू?”

“मी कशी जाऊ? शेतावर कोण हाय?”

आईजवळ असून न बोलणारी पोर आईवेगळी काय बोलणार, हे तुळसाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चार महिन्यांत सानवी काय शिकली, तर गोणीशेजारी बसायला, असं कुठे सांगता येतं? तिने अर्ज घेऊन टेबलावर ठेवला. तिला फार वाईट वाटलं.

सोमवारी नेमक्या तपासणीच्या मॅडम आल्या. तुळसाने संच काढून सतरंजीवर मांडला. पोरं हाताची घडी घालून भोवती बसली.

“खेळा,” मॅडम म्हणाल्या.

कोणी हात लावेना. संचाबद्दल या पोरांना एकच गोष्ट शिकवली होती आणि ती त्यांना पक्की येत होती. मॅडमना तर मुक्त खेळाचा फोटो वर पाठवायचा होता. पाच मिनिटं वाट बघून तुळसाने दार उघडलं. “जा गो, जा रे.”

गाडी घटकेत भरली. पण कैफ मामाच्या निकाहला गेलेला. कंडक्टर नाही म्हणजे गाडी नाही. आयात झाकण धरून नुसती बसून राहिली. फोटो नीट यावा म्हणून मॅडम मागच्या चिऱ्यावर टेकल्या. समीक्षा सानवीला न्यायला आली होती, ती पायरीवर उभी.

सानवी उठली. तिने रिमोट उचलला.

“पुढं सरका,” ती मॅडमना म्हणाली. “ही सामानाची जागा हाय.”

मॅडम सरकल्या.

तुळसाने दाराची चौकट धरली. सानवी एकेका चिऱ्यापाशी थांबून “तिकीट, तिकीट” म्हणत होती, आवाज बारीक, पण हेल थेट कैफचा. समीक्षा पायरी उतरून मागच्या रिकाम्या चिऱ्यावर बसली. सानवीने इतर प्रवाशांकडे बघावं तसंच तिच्याकडे बघितलं.

“कुठं जायचं?”

समीक्षाला दुसरं काही सुचेना. “सावर्डे.”

सानवीने रिमोटची दोन बटणं दाबून पाहिली.

“ही गाडी सावर्ड्याला जात नाय. मंडणगड हाय. बसा.”

समीक्षा बसून राहिली. सानवीने तोंडानेच डबल बेल दिली आणि गाडी सुटली.

तुळसा आत जाऊन संच मोजायला बसली. डोळे भरल्यामुळे तो तिला दोनदा मोजावा लागला. बेचाळीस भरले. टेबलावर नाव काढायचा अर्ज होता, तो तिने कपाटात संचाच्या खाली ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं.