एक जोड जास्त

बहारीनला, मनाम्यातल्या आमच्या घरी शुक्रवारी सुट्टीला चार माणसं जेवायला जमली की चाचा लगेच आत यायचे नाहीत. आधी दाराबाहेरच्या चपला जोडीनं लावायचे, मग दारातूनच माणसं मोजायचे, मग पुन्हा चपला. दोन्ही जुळलं की मगच पानावर बसायचे, आणि शेवटचा पाहुणा जाईपर्यंत हलायचे नाहीत. एकदा एक जोड जास्त निघाला, तर या गृहस्थांनी तिन्ही मजल्यांवरची दारं वाजवली. शेवटी तो आमच्याच हिचा जुना जोड निघाला. मी त्यांना 'पादत्राण खात्याचे मंत्री' म्हणायचो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

चाचा आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर. दाभोळच्या खाडीकाठचे, पन्नाशी ओलांडलेले. खाडीत वाढलेला माणूस, पण अरादच्या किनाऱ्यावर सहलीला गेलो तर पाण्यात पाऊल टाकायचे नाहीत, काठावर बसून राहायचे. "पाणी काय बघायचंय त्यात साहेब, माणसं बघा," म्हणायचे. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, सगळं त्यांना ठाऊक असायचं.

बहारीनला येण्याआधी दोन वर्षं ते थायलंडात होते. नदीकाठच्या एका गावात त्यांच्या चुलतभावाची रोटीची गाडी होती. पाठीवर पिशव्या लावून हिंडणाऱ्या गोऱ्या पोरापोरींचं ते गाव. चाचांना काम मिळालं ट्यूबच्या टपरीवर. ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब घ्यायची, चपला टपरीवर ठेवायच्या आणि ट्यूबमध्ये बसून नदीतून वाहत जायचं. काठाकाठानं बांबूचे बार, कर्णकर्कश गाणी, हातात बाटल्या. खाली धक्क्यावर माणसं उतरली की रिकाम्या ट्यूबा टेम्पोत घालून परत आणायच्या. मंडळी मात्र तशीच अनवाणी नाचायला जायची आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून चपला शोधत यायची. हे सांगताना चाचा त्यांच्या झिंगलेल्या चालीची अशी नक्कल करायचे की आमची हसून मुरकुंडी वळायची. गोष्ट तिथंच संपायची. पुढची कुणाला माहीत नव्हती.

ती मला एका दुपारी कळली. जनाबियात आमच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्याबाहेर आम्ही गाडीत बसलो होतो. एसी बंद पडलेला, जीव नकोसा झालेला. चाचा एकाएकी म्हणाले, "साहेब, इंग्रजीत एक पत्र लिवून द्याल?"

थायलंडातल्या त्या टपरीवर एके दिवशी ट्यूबा सगळ्या परत आल्या होत्या. चपलांचा एक जोड उरला होता. नेहमीचंच, म्हणून चाचांनी तो उचलून आत ठेवला आणि टपरी बंद केली. तो जोड जिचा, ती मुलगी तिसऱ्या दिवशी सापडली, नदीत खूप खाली, बुडून झुडपांत अडकलेली. महिन्याभरानं तिची आई आली. चाचांनी चपला तिच्या हातात दिल्या आणि घाबरून सांगितलं की मुलीला मी पाहिलंच नाही, या चपला सकाळी दारात सापडल्या. बाईनं एका कागदावर पत्ता लिहून दिला. काही आठवलं तर कळवा म्हणाली.

"मी बघितलं होतं हो तिला. माझ्याच हातानं ट्यूब दिली," चाचा म्हणाले. "ट्यूबा मोजल्या साहेब. माणसं नाय मोजली. त्या आईला खरं कळू दे, मग तिनं मला काय वाटेल ते म्हणू दे."

मी काय म्हणालो? म्हणालो, बघू, पुढच्या शुक्रवारी. वर शहाणपणा शिकवला की उगाच पोलिसांचं लचांड मागं लागेल, व्हिसा जाईल. खरं सांगू? आळस होता. शुक्रवारमागून शुक्रवार गेले. चाचा नुसता तो पत्त्याचा खिसा चाचपायचे. सुट्टीवर गावी जाताना त्यांनी तो पत्ता माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "येईपर्यंत लिवून ठेवा, इंशाल्ला."

ते आले नाहीत. दाभोळला झोपेतच गेले. फोन आला त्या दुपारी जेवणही न करता मी पत्र लिहिलं. त्यांच्याच नावानं, त्यांच्याच तोंडून, काही न लपवता. ते वारल्याचं मात्र लिहिता आलं नाही. माफी मागणारा माणूस जिवंत असायला हवा, असं काहीतरी तेव्हा वाटलं.

दोन महिन्यांनी ऑफिसच्या पत्त्यावर चाचांच्या नावाचं पाकीट आलं. बाईनं दोष दिला नव्हता. लिहिलं होतं, माझ्या मुलीला शेवटचं पाहिलेलं कुणीतरी आहे हे मला आजच कळलं. एकच सांगा, नदीकडे जाताना ती खुशीत होती का?

चाचांना हे ठाऊक असणार. मी कधी विचारलं नव्हतं.

तीन दिवस ते पाकीट घेऊन फिरलो. मग चाचांच्या नावानं लिहिलं, हो, हसत होती. त्यांना बिचाऱ्यांना एक खोटं पुसायचं होतं. मी त्यांच्या नावावर दुसरं लिहून बसलो.