सावळाराम धोटेवाल्याची रायफल

भिवंडीत सावळाराम धोटेवाला म्हटलं की अजून चार जुने लूममालक मान डोलावतात. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन लूमवर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा लाकडी तुकडा. तीस वर्षं सावळारामनं तेच तासले. मग बिनधोट्याचे लूम आले, आणि राहनाळच्या गोडाऊनमागच्या त्याच्या शेडमध्ये खुर्च्यांचे पाय नि देवघरांची दारं येऊ लागली. माणूस एक नंबरचा फटकळ. गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणायचा, "घाई हाय तर प्लास्टिकची घे."

अशा माणसाच्या शेडमध्ये सोमवारी शाळेच्या खेळशिक्षिका माधवीबाई आल्या, त्या कापडात गुंडाळलेली एअर रायफल घेऊन. जुनी, छऱ्यांची, शाळेला कोणीतरी भेट दिलेली. मागे दहावीतली देवकी उभी होती. वडपे गावाजवळच्या पाड्यावरची, अंगानं काडी, पण नजर कशी स्थिर.

"सावळारामकाका, हिचा नेम चुकत नाही, रायफल चुकते," बाई म्हणाल्या. "पण मुख्याध्यापकांना ते पटत नाही. म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. शुक्रवारी ते स्वतः चाचणी घेणार आहेत. पाच छरे, पन्नास गुण. पंचेचाळीस झाले तरच जिल्ह्याच्या निवडीला हिचं नाव जाईल. त्याच संध्याकाळी यादी बंद."

सावळारामनं बंदूक जन्मात हातात धरली नव्हती. पण खांद्याला टेकायचा तिचा लाकडी दस्ता अक्रोडाचा होता, आणि लाकूड दिसलं की त्याच्या बोटांना राहवत नसे. त्यानं देवकीला रायफल खांद्याला लावायला सांगितली. पोरीची मान बगळ्यासारखी पुढे ताणली गेली.

"अगो, ही काय तुझ्या मापाची हाय? सायबाच्या मापाची हाय ही!" म्हणत त्यानं दस्त्याच्या मागून दोन बोटं लाकूड कापायची खूण केली. करवत चालली, दस्त्याच्या टोकाची पट्टी परत बसली, आणि देवकीचा गाल पहिल्यांदाच जागेवर टेकला. ती चक्क हसली.

इथवर ठीक होतं. पुढे मात्र आमच्या कारागिराचा धंदाच त्याला नडला. लूम दिवसभर थडथडतो, म्हणून लूमवाल्यांचा एकच धर्म: जे ढिलं ते मेलं. त्यानं रायफलचे स्क्रू आवळले, नळी नि लाकडाच्या मधे चामड्याची पट्टी ठोकून ठोकून भरली, आणि छाती पुढे काढून म्हणाला, "आता हलून दाखव म्हनावं!"

बुधवारी शाळेच्या मागच्या पडवीत वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून देवकीनं सकाळपासून दुपारपर्यंत थांबून थांबून पाच छरे मारले. जत्रेत हरवलेल्या पोरांसारखे पाच जण पाच दिशांना. आधीपेक्षा वाईट! सावळारामचा चेहरा पडला. देवकी हळूच म्हणाली, "काका, सकाळी डावीकडं जात व्हते, आता ऊन चढल्यावर वर जातात."

रायफल घेऊन तो शेडवर परतला आणि स्वतःलाच शिव्या देत बसला. समोर एक जुना धोटा पडला होता. तो उचलला आणि एकदम ओरडलाच, "अरे गाढवा!" लूमचा सांगाडा घट्ट लागतो, पण धोटा आवळला तर कापड होईल का? त्याची वाट मोकळीच हवी. ऊन तापलं की लाकूड थोडं वाकतं-फुगतं, आणि त्यानं तर ते नळीलाच जखडून ठेवलं होतं; लाकूड हलेल तशी नळी हलणारच.

मग जी धांदल उडाली! चामड्याची पट्टी उपटली. रायफलच्या लोखंडी अंगाला गेरू फासून ते दस्त्यात बसवलं, काढलं, जिथे लाकूड लाल झालं तिथेच पटाशीनं हलकं खरवडलं, पुन्हा बसवलं. वीस-पंचवीस वेळा. शेवटी लाली सगळीकडे सारखी उतरली, म्हणजे बैठक पक्की झाली. नळीखालची खाच मात्र रुंद केली आणि तिथून सुताचा धागा ओढला. मधे अडकला की तासायचं. गुरुवारी दुपारी धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर गेला, आणि साठीला आलेला हा बाप्या शेडमध्ये एकटाच टाळ्या पिटत नाचला.

शुक्रवारी मुख्याध्यापक मनोज सर हात मागे बांधून उभे राहिले. लक्ष्याच्या मागच्या लाकडी खोक्यात छरे अडवायला सकाळीच ताजी पुट्टी भरली होती. देवकी उभी राहिली. एक. दोन. तीन. चार. पाच.

माधवीबाईंनी कागद आणला. मधोमध एकच भोक.

"एक लागला," मनोज सर म्हणाले. "चार कागदाबाहेर. मी काय सांगत होतो?"

आपणच पोरीचं वाटोळं केलं, असं सावळारामला वाटलं. देवकी मात्र मान हलवत होती. "न्हाय, सर. भाईर न्हाय गेलं."

तेव्हा तो भानावर आला. धावत खोक्याशी गेला, पुट्टीत दोन बोटं खुपसली आणि शिशाची एक गोळी बाहेर ओढली. गोळी कसली, एकावर एक चेपून चिकटलेली चळतच ती! त्यानं नखानं एकेक सुटा केला आणि सरांच्या तळहातावर ठेवत गेला. "एक. दोन. तीन. चार. ह्यो पाचवा! मोजा, सर, मोजा! एकाच भोकातून गेलेत!"

त्याचे डोळे वाहत होते आणि त्याला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती. माधवीबाईंनी कागद उजेडात धरला. भोक गोल नव्हतं, कडा पाच वेळा कुरतडलेल्या होत्या.

मनोज सरांनी हातातले छरे पुन्हा एकदा मोजले. मग खिशातून पेन काढलं, यादी उघडली आणि जरा चाचरत विचारलं, "देवकी... पुढे काय गं?"

पाच वर्षं पोरगी त्यांच्याच शाळेत होती.

"देवकी चिंतू मुकणे," ती म्हणाली.

"मोठ्या अक्षरात लिवा, सर," सावळाराम म्हणाला.